दर गुणिले क्षेत्रफळ

घराची किंमत काढताना त्याच्या आराखड्याकडे बघायची गरज नसते, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. बँकांना दिलेल्या मूल्यांकन अहवालांत माझी हीच भूमिका होती, हाताखाली आलेल्या नव्या इंजिनीअर मुलांना मी हेच शिकवलं, आणि नात्यातल्या कुणी घर घेताना विचारलं तर त्यांनाही हेच सांगितलं. विभाग कोणता, इमारतीचं वय किती, मजला कितवा, लिफ्ट आहे का, कागद स्वच्छ आहेत का, कार्पेट किती. एवढं कळलं की शेजारपाजारच्या व्यवहारांवरून दर काढायचा, क्षेत्रफळाने गुणायचा आणि वयाचा घसारा वजा करायचा. हॉल कुठल्या दिशेला आहे, पॅसेज किती लांब आहे, पलंग कुठे मावतो, या गोष्टी घेणाऱ्याच्या आवडीनिवडीच्या. मूल्यांकनकाराने त्यात पडू नये.

आज मी असं मानत नाही. मत बदललं ते एका दिवसात नाही, पण आता ते पुरतं बदललं आहे, आणि ज्यांना आधीचा सल्ला दिला त्यांतले काही जण हे वाचतील म्हणून नीट कारणांसह लिहिते आहे.

आधीच्या मताची बाजू आधी मांडते, कारण ते उथळ नव्हतं. आमच्या कामात तुलना ज्या कागदांवर उभी असते त्या कागदांत आराखडा नसतो. नोंदणी कार्यालयातून इंडेक्स टू काढा. त्यात मोबदला असतो, बाजारभाव असतो, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क असतं. त्या घरात स्वयंपाकघराला खिडकी आहे की नाही, हे त्यावरून कळायची काही सोय नाही. सरकारी दरांचा तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, घ्या. त्यात मूल्य विभाग असतात, बांधकामाचा प्रकार असतो, वयानुसार घसाऱ्याचा तक्ता असतो, लिफ्टच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांसाठी टक्केवारीची वाढ असते. घराच्या आतल्या रचनेबद्दल अक्षर नाही. सरकार ज्यावर कर घेतं आणि बँक ज्यावर कर्ज देते ते सगळं आराखड्याशिवाय चालतं. मग मी एकटीने तो का मोजायचा?

दुसरं कारण विक्रेत्यांचं होतं. घर विकायला काढलेला माणूस मूल्यांकनकाराला आधी फॉल्स सीलिंग दाखवतो. मग मॉड्युलर किचन, इटालियन मार्बल, खास करून घेतलेला टीव्हीचा पॅनेल. ‘मॅडम, इंटिरिअरलाच बारा लाख घातलेत, तेवढे तरी धरा.’ मी धरत नसे, आजही धरत नाही. एकाच्या हौसेचे पैसे दुसरा पूर्ण देत नाही. नवा मालक ते सीलिंग काढून टाकण्याचीच शक्यता जास्त. पण या आग्रहांपासून अंतर ठेवता ठेवता मी भिंतींच्या आतलं जे काही असेल ते सगळं ‘सजावट’ या एकाच खात्यात टाकत गेले. काढता येण्याजोगं सीलिंग आणि कधीच न हलवता येणारी खिडकी यांत मी फरक केला नाही.

मग रेरा आला. केंद्राचा हा स्थावर संपदा कायदा 2016 चा, आणि बिल्डरांवर त्याची खरी बंधनं लागू झाली ती 1 मे 2017 पासून. त्याआधी आमची अर्धी शक्ती क्षेत्रफळाच्या गुंत्यातच जात असे. एक जण बिल्टअप सांगायचा, दुसरा सुपर बिल्टअप, आणि जिना, लॉबी, क्लबहाउस यांचं लोडिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. हजार फुटांचं म्हणून घेतलेलं घर आत टेप लावल्यावर साडेसहाशे भरायचं. नव्या कायद्याने कार्पेटची एकच व्याख्या आणली. आतल्या भिंती धरून वापराची जागा मोजायची. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरायची नाही. मला फार बरं वाटलं. आता सगळ्यांचा फूट एकच झाला, तुलनेचा प्रश्न मिटला, असं मी तेव्हा अगदी मनापासून म्हणत असे.

झालं उलटंच. क्षेत्रफळाचा गोंधळ निवळल्यावर त्याच्याखाली दडलेला फरक वर आला. एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, तंतोतंत सारख्या कार्पेटची दोन घरं. एक महिन्याभरात जातं आणि दुसरं रखडतं. आधी अशा वेळी ‘मोजणीत काहीतरी वेगळं असेल’ म्हणून पुढे जाता यायचं. आता तो आडोसा उरला नव्हता. विभाग, वय, मजला, लिफ्ट, पार्किंग आणि फूटही सारखेच, तरी भाव वेगळा. उरलं फक्त एकच, घर आतून कसं आहे ते. आपल्याकडच्या इमारती तर या बाबतीत आयती प्रयोगशाळाच आहेत. मजल्यावर चार घरं, त्यांतली दोन दुसऱ्या दोनांची आरशातली प्रतिमा. बाकी सगळं स्थिर ठेवून फक्त रचना किंवा दिशा बदलली तर काय होतं, हे बघायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला असंच एक रखडलेलं घर होतं. तिथे अनेक व्यवहार केलेल्या एजंटला मी विचारलं, अडचण कशाची आहे? तो म्हणाला, ‘मॅडम, माणसं येतात, हॉलच्या मधोमध उभी राहतात आणि चारी बाजूंना बघतात. मग विचारतात, सोफा कुठे ठेवायचा? मला सांगता येत नाही.’ मी परत जाऊन त्या हॉलकडे बघितलं. मुख्य दार, बाल्कनीचं दार, स्वयंपाकघराची मोकळी चौकट, बेडरूमकडे जाणारा पॅसेज आणि पाहुण्यांच्या टॉयलेटचं दार, अशी पाच तोंडं त्या एका खोलीला होती. सलग भिंत कुठेच नव्हती. कागदावर तो सोळा बाय दहाचा हॉल होता. प्रत्यक्षात तो येण्या-जाण्याचा चौक झाला होता.

त्यानंतर मी आराखड्यावर सामान मांडून बघायला लागले, आणि माझ्या गुणाकाराला खरा धक्का तिथे बसला. दहा बाय दहाची बेडरूम घ्या, आपल्या टू बीएचकेंमध्ये सर्रास असते. डोक्याकडची पाटी धरून डबल बेडची लांबी साडेसहा फूट. समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट. मध्ये उरला दीड फूट. त्या दीड फुटात कपाटाचं दार उघडून माणसाने उभं राहायचं कुठे? म्हणजे कपाट दुसऱ्या भिंतीला न्यायचं, तर तिथे खिडकी किंवा दार. आता हीच खोली दहा बाय अकरा करा. मध्ये अडीच फूट मिळतात आणि खोली चालू लागते. वाढले फक्त दहा चौरस फूट. दहा हजारांच्या दराने त्यांची किंमत एक लाख. पण त्या एका फुटाने ठरतं की ही दोन माणसांची झोपायची खोली आहे की पलंग कोंबलेली अडगळ. दर गुणिले क्षेत्रफळ या हिशेबात प्रत्येक फूट सारख्या मोलाचा असतो. घरात तसा तो नसतो. काही फूट नुसते पडून असतात आणि काही फुटांवर अख्खी खोली तोललेली असते.

पॅसेजचं तर साधं गणितच करून बघा. समजा, शेजारशेजारच्या दोन इमारतींत साडेसहाशे फूट कार्पेटचं एकेक घर आहे. पहिल्याचा दर दहा हजार, किंमत 65 लाख. दुसऱ्याचा दर 10,700, किंमत 69 लाख 55 हजार. दुसरं महाग, असं मी पूर्वी डोळे मिटून लिहिलं असतं. आता आत चला. पहिल्यात हॉलपासून शेवटच्या बेडरूमपर्यंत बावीस फूट लांब, साडेतीन फूट रुंद पॅसेज आहे, म्हणजे 77 फूट. रेराच्या कार्पेटमध्ये तोही धरला जातो. राहायला उरले 573 फूट, प्रत्येकी साधारण 11,344 रुपयांनी. दुसऱ्यात पॅसेज नऊ फुटांचा, साडेएकतीस चौरस फूट. उरले 618.5, प्रत्येकी साधारण 11,245 रुपयांनी. चढ्या दराचं घर वापराच्या जागेच्या हिशेबात स्वस्त निघतं. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण या जातीची उलटापालट प्रत्यक्ष तुलनेत वारंवार दिसते. आणि पॅसेज सरसकट वाईट, असंही नाही. त्यात पुस्तकांचं कपाट बसत असेल, किंवा म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला हॉलच्या टीव्हीपासून तो आडोसा देत असेल, तर ते फूट वाया गेलेले नाहीत. म्हणून तर आराखडा उघडून वाचावा लागतो.

आता उन्हाबद्दल. ही गोष्ट मला इंजिनीअर म्हणून पहिल्यापासून माहीत होती, पण मी ती किमतीशी जोडली नव्हती. पुण्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीचं ऊन उन्हाळ्यात साध्या छज्ज्याने अडतं आणि थंडीत हवंहवंसं आत येतं. पश्चिमेचं तसं नाही. संध्याकाळचा सूर्य खाली उतरलेला असतो, आडव्या छज्ज्याचा तिथे काही उपयोग होत नाही, आणि दुपारभर तापलेली काँक्रीटची भिंत ती उष्णता आत सोडते ती रात्री, माणसं झोपायला जातात तेव्हा. आरशातल्या प्रतिमेच्या त्या दोन घरांत एकाची मोठी बेडरूम पूर्वेला येते, दुसऱ्याची पश्चिमेला. पश्चिमवाल्याचा एसी मार्चपासून चालतो. हे पहिल्या भेटीत कळत नाही, कारण घर बघायला लोक रविवारी सकाळी येतात. भाडेकरूला मात्र पहिल्या उन्हाळ्यात कळतं, आणि तो दुसऱ्या उन्हाळ्याआधी सोडून जातो. घर सतत रिकामं होत असेल तर भाड्याच्या उत्पन्नावरून काढलेली किंमत खाली येणारच. म्हणजे आराखडा माझ्या हिशेबात शिरतच होता, फक्त त्याचं नाव न घेता.

मुंबईत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी 1983 मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत हाच पेच सोडवला होता. तिथे समुद्राचा वारा पश्चिमेकडून, देखावा पश्चिमेला, आणि कडक ऊन व पावसाचा माराही तिकडूनच. खिडकी उघडी ठेवावी तर ऊन-पाऊस घरात, बंद ठेवावी तर वारा गेला. जुने बंगले यावर भोवती व्हरांडा घालत. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीत नेला, दोन मजली उंचीच्या कोपऱ्यातल्या बागा करून. ती श्रीमंतांची घरं आहेत आणि आपल्या टू बीएचकेशी त्यांची बरोबरी नाही. पण चौरस फूट मोजणारा माणूस त्या कोपऱ्याला ‘उघडी जागा’ म्हणून वगळेल, आणि घराच्या राहणीमानातला सगळ्यात मोठा वाटा त्या वगळलेल्या जागेचा असेल.

आणखी एका गोष्टीने मला विचार करायला लावलं. आता पुष्कळ उंच इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत, भिंतीसकट काँक्रीट ओतून बांधतात. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात. पण त्या भिंतीच इमारतीचा भार पेलतात, त्यामुळे त्या फोडता येत नाहीत. जुन्या कॉलम-बीमच्या घरात स्वयंपाकघराची वीटभिंत काढून मोकळा ओटा करता यायचा, दोन छोट्या खोल्यांची एक मोठी व्हायची. तिथे चुकलेला आराखडा थोडाफार दुरुस्त होत असे. इथे पहिल्या दिवशी जे ओतलं ते इमारत उभी आहे तोवर तसंच राहणार. अशा घरात आराखडा बघायचा नाही म्हणणं हे माझ्या व्यवसायालाच धरून नाही.

यावर माझेच सहकारी म्हणतात, ‘ग्राहक यासाठी पैसे देतो का ते सांग. देत नसेल तर तुझं म्हणणं बरोबर असूनही अहवालात उपयोगाचं नाही.’ आक्षेप रास्त आहे. बाजारभाव म्हणजे लोक देतील तो भाव, मला योग्य वाटेल तो नव्हे. पण मग वास्तूचं काय? पूर्वेच्या दाराला चार पैसे जास्त मिळतात, दक्षिणेच्या दाराला ग्राहक बिचकतो, हे आमच्यातला प्रत्येक जण जाणतो आणि मनातल्या मनात धरतोही. माझा वास्तुशास्त्रावर विश्वास नाही, तरी त्या दाराची किंमत मला नाकारता येत नाही. म्हणजे घराच्या रचनेला भाव मिळत नाही, हे खरं नाही. ज्या गोष्टीला नाव आहे आणि एजंटच्या जाहिरातीत जागा आहे, तिला भाव मिळतो. ‘ईस्ट फेसिंग’ दोन शब्दांत सांगता येतं. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो, फ्रिज ओट्याला लागून बसतो, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवूनही भांडी घासायला जागा उरते, हे सांगायला घर दाखवावं लागतं.

अर्थशास्त्रात शर्विन रोझेन यांनी 1974 साली मांडलं की घरासारखी वस्तू ही गुणांची मोळी असते, आणि व्यवहार पुरेसे असतील तर प्रत्येक गुणाची दडलेली किंमत शोधता येते. ही पद्धत जगभर वापरतात. पण शोधता येते ती नोंदलेल्या गुणांचीच किंमत. खोल्या, वय, मजला, स्टेशनचं अंतर यांची नोंद होते, म्हणून त्यांची किंमत निघते. आराखड्याची निघत नाही याचं कारण तो बिनमोल आहे हे नसून तो कुणी टिपून ठेवलेला नाही, हे आहे. आणि टिपून न ठेवणाऱ्यांत मी होते.

मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुनर्विकासाच्या बैठकांत. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर इथल्या जुन्या तीन मजली सोसायट्या आता एकामागून एक पाडायला निघाल्या आहेत. त्या घरांत लिफ्ट नाही, प्लंबिंग गेलेलं आहे, पार्किंग नाही. पुनर्विकास हवा हे मान्यच. पण त्यांतल्या पुष्कळ घरांना दोन-तीन बाजूंनी खिडक्या आहेत, कारण एका जिन्यावर दोनच घरं असत. सभेपुढे बिल्डरांच्या प्रस्तावांचा तुलनात्मक तक्ता येतो. किती टक्के वाढीव कार्पेट, कॉर्पस किती, भाडं किती, मुदत किती. चाळीस टक्के देणारा पस्तीसवाल्याला हरवतो. नव्या मजल्यावर सहा किंवा आठ घरं असतील, मधल्या घरांना एकाच बाजूने उजेड मिळेल, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडेल, याला तक्त्यात रकाना नसतो. ज्या काका-काकूंनी चाळीस वर्षं दिवसा दिवा न लावता काढली, त्यांना वाढीव फूट मिळवून दिवसभर ट्यूबलाइटखाली बसावं लागतं. अशा तक्त्यांवर सल्लागार म्हणून मीही सह्या केल्या आहेत.

खिडक्यांचा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, हे मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात दिसलं. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा जवळपास पोचतच नाही. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी तिथे अभ्यास केला तेव्हा खालच्या मजल्यांवरच्या घरांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. ज्याला मी ‘आवडनिवड’ म्हणून बाजूला सारत होते ते एका टोकाला गेलं की रोगापर्यंत जाऊन पोचतं.

मी दुसऱ्या टोकाला गेलेले नाही. चांगला आराखडा वाईट जागेला तारत नाही. पाणी टँकरने येत असेल, रस्ता नसेल, मालकीत वाद असेल, तर पूर्व-पश्चिम बघण्यात अर्थ नाही. उत्तम रचनेला बाजार नेहमी जपतो असंही नाही. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी ऐंशीच्या दशकात छोट्या चौकांभोवती बैठी घरं बांधली, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागू दिली नाही, म्हणजे कुटुंबाला घर वाढवता यावं. लोकांनी ते वाढवलं, आणि पुढे अनेकांनी मूळ घर पाडून तिथे वेगळंच, मोठं घर बांधलं. तिथल्या पुष्कळांना मूळ घरापेक्षा त्याखालच्या जमिनीचं मोल जास्त वाटलं. हे मला बोचतं, पण मूल्यांकनात ते नाकारून चालत नाही.

माझ्या अहवालात आता घराचा आराखडा जोडलेला असतो. रेराखालच्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर असतात. जुन्या घरात मी स्वतः टेप घेऊन काढते. खोलीत पलंग आणि कपाट मांडून होतं का, किती खोल्यांना दोन बाजूंनी हवा आहे, पश्चिमेला काय येतं, पॅसेजमध्ये किती फूट जातात, भिंत हलवता येईल का, एवढं लिहिते. त्याबद्दल दरात दोन ते सात टक्क्यांपर्यंत वाढ किंवा घट धरते, आणि ती का धरली याचं कारण त्याच पानावर देते. सात टक्क्यांची मर्यादा माझी स्वतःची आहे, कुठल्या तक्त्यातली नाही. एका बँकेने असा अहवाल ‘नमुन्यात नाही’ म्हणून परत पाठवला. मी तो टक्का काढला नाही. वेगळं परिशिष्ट करून पुन्हा दिला आणि त्यांनी तो स्वीकारला. पुनर्विकासाच्या तक्त्यात मात्र अजून माझं चालत नाही. या महिन्यात ज्या सोसायटीच्या सभेला जायचं आहे तिथल्या सेक्रेटरींना मी आधीच कळवलं आहे की टक्केवारीच्या रकान्याशेजारी प्रत्येक प्रस्तावातला मधल्या घराचा आराखडा छापला नाही, तर त्या तक्त्यावर मी सही करणार नाही.